बालटी आणि मोर

अंडं फोडायची तिची एक रीत होती. पातेल्याच्या काठावर एकच टिचकी मारायची, कवचाच्या दोन वाट्या करायच्या आणि बलक या वाटीतून त्या वाटीत खेळवायचा. पांढरं खाली पातेल्यात गळत राहायचं. हात असा चालू असताना तोंडाने ठरलेलं वाक्य यायचं, "पांढरं बायचं, पिवळं बाप्याचं."

चारोटीला तुम्हीही कधी गाडी थांबवली असेल. नाक्याच्या थोडं अलीकडे, मुंबई-सुरत हायवेला लागून, पंक्चरवाल्याच्या शेजारी तिची टपरी होती. चार बांबू, वर पत्रा, पुढे एक फळी. बायचं पांढरं केकमध्ये जायचं. बाप्याच्या पिवळ्याचं ती ऑम्लेट करायची आणि ट्रकवाल्यांना पावाबरोबर द्यायची. एका ड्रायव्हरने मला हळूच विचारलं होतं की इथलं ऑम्लेट एवढं पिवळंधमक का, बाई हळद जास्त घालते का. मी म्हटलं, "खा गप. नशीब समज, तुझ्या वाट्याचं तुला मिळतंय."

मी पेंटर. म्हणजे बोर्ड रंगवणारा. तलासरीला माझी शेड आहे. ट्रकच्या पाठी, शाळेच्या भिंती, दुकानांच्या पाट्या असं सगळं मी रंगवलं. मग फ्लेक्स आला आणि आमच्या धंद्याचं वाटोळं झालं. फ्लेक्सवाल्यांबद्दल मी बोलायला लागलो की बायको उठून आत जाते, म्हणून ते राहू दे. सांगायचं एवढंच की चार वर्षांपूर्वी एक साठीकडे झुकलेली बाई माझ्या शेडमध्ये आली आणि म्हणाली, "पेंटर, मला हातानं लिवलेला बोर्ड पायजे." त्या एका वाक्यावर मी तिचं काम घेतलं.

"काय लिहायचं?"

"लेडी बालटीमोर."

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. "केक हाय तो. दोन्ही बाजूंनी लिव. मनोरकडून येणाऱ्याला दिसला पायजे आणि तलासरीकडून येणाऱ्याला पण."

"दुकानाला तुझं नाव नको का, बाय?"

"माझं नाव कोण वळखतो?" ती म्हणाली आणि गेली.

आता मी काय केलं ते ऐका. मी ऐकलं लेडी, बालटी, मोर. लेडी म्हणजे बाई. बालटी आपल्याला माहीत आहे. बादली म्हणा, बालदी म्हणा, हायवेवर बालटीच चालते. आणि मोर म्हणजे मोर. कसला अर्थ लागत नव्हता, पण दुकानांच्या नावांना कुठे अर्थ असतो? शिवाय मला पुष्कळ दिवसांनी हाताचं काम मिळालं होतं. मी तीन शब्द तोडून लिहिले आणि मधोमध, कोणी न सांगता, एक लालबुंद बालटी काढली. त्या बालटीत पिसारा फुलवलेला मोर बसवला. दोन्ही बाजूंनी. पिसाऱ्यातला एकेक डोळा बारीक कुंचल्याने भरला. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही.

बोर्ड घेऊन चारोटीला गेलो. तिने तो पाहिला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं, बाई खूश झाली.

"ह्यो मोर कशाला?" ती म्हणाली.

मी समजावून सांगितलं. तेव्हा ती फळीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती आता हसत नव्हती.

त्या दिवशी मला सगळं कळलं. ती मूळची गंजाडची. तेरा-चौदा वर्षांची असताना कोसबाडच्या टेकडीवर एका अमेरिकन बाईकडे कामाला होती. ती बाई लहान मुलांच्या शिक्षणाचं काहीतरी बघायला येऊन राहिली होती. तिला घरची आठवण आली की ती एक केक करायची, तिच्या आजीच्या वेळचा. तीन मजल्यांचा, पांढराशुभ्र. मजल्यांच्या मधे साखरेचा पाक अंड्याच्या पांढऱ्यात घोटून घातलेला, त्यात अंजीर, बेदाणे, अक्रोड. लेडी बाल्टिमोर. आपल्या बायने तो बघून बघून उचलला. अक्षरओळख नव्हती, पण पाक एकतारी की दोनतारी हे तिला बोटाला कळायचं. अंजिराच्या जागी तिने आपला डहाणूचा सुका चिकू घातला आणि अक्रोडाच्या जागी शेंगदाणा. अमेरिकन बाईने खाऊन सांगितलं म्हणे की आजीचा केक याच्यापुढे काहीच नाही. खरंखोटं ती बाई जाणे.

नावाचा अर्थ तिने त्या बाईला विचारून घेतला होता. बाल्टिमोर हे एका सरदाराचं गाव. त्या गावावरून त्याला लॉर्ड बाल्टिमोर म्हणायचे. त्याची बायको ती लेडी बाल्टिमोर. पिवळ्या बलकाचा एक लॉर्डचा केक असतो, आणि नुसत्या पांढऱ्याचा हा लेडीचा.

"मी इचारलं, त्या लेडीचं सोताचं नाव काय? तर बाईला सांगता येईना. नवऱ्याच्या गावाचं नाव लागलं, तेवढंच उरलं. केक तिने चाखला पण नसंल." बाय मला सांगत होती आणि बोर्डाकडे बघत होती. "माझं तरी काय वेगळं? गंजाडला मी अमक्याची सून, तमकीची आय."

ती तमकी म्हणजे तिची एकुलती एक लेक. नवरा लवकर गेला, हिने मोलमजुरी करून पोरीला वाढवलं. दर वाढदिवसाला, काही झालं तरी, पातेल्यात वाळू तापवून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, तीन सपाट डब्यांत ती हा केक करायची. गंजाडच्या पाड्यावर लेडी बाल्टिमोर! तिथे हे नाव घेणारी दोनच माणसं, ती आणि तिची लेक.

लेक मोठी झाली, उंबरगावला कंपनीत पॅकिंगला जायला लागली. तिथला एक परमुलखातला मुलगा तिने पसंत केला. आईने नाही म्हटलं. पोरगी ऐकेना. तेव्हा रागाच्या भरात बाय बोलून गेली, "गेलीस तर पुन्हा या घराचा उंबरा चढू नको. चढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आपल्याकडे आया दिवसाला दहा शपथा घालतात. दूध पी नाहीतर माझी शपथ. पण ही शपथ पोरीने खरी धरली. ती गेली आणि पुन्हा आलीच नाही. दोन महिन्यांनी आईचा राग उतरला. ती उंबरगावला गेली तर खोली रिकामी. कोणी म्हणालं, सुरतेकडे गेली. फोन बंद. चौकीत म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, स्वतःहून गेली आहे. नात्यातल्यांनीही तेच सांगितलं, गेली ती गेली.

"ती रुसली नाय, पेंटर," बाय म्हणाली. "मी रुसणारीला वळखते. ती भ्यायली. उंबरा चढली तर आय मरंल म्हणून ती येत नाय."

मग तिने त्या टपरीकडे हात केला. चार बांबू आणि एक फळी.

"हिला उंबराच नाय. हितं यायला शपथ आडवी येत नाय."

आता तुम्हाला कळलं असेल बोर्ड कशासाठी होता. सुरतेहून मुंबईकडे, मुंबईहून सुरतेकडे, सगळी दुनिया याच रस्त्याने जाते. कधीतरी लेकही जाईल. लेडी बाल्टिमोर वाचेल. सगळ्या जगात हे नाव वाचून उतरणारी ती एकटीच होती. आणि मी त्या नावाचे तुकडे करून त्यात मोर बसवला होता.

मी म्हटलं, "बाय, पुसून देतो. दोन दिवस लागतील." मनातून माझा मोरात जीव अडकला होता, हे खोटं कशाला बोलू? म्हणून लगेच पुढे म्हणालो, "पण एक सांगू? पंचवीस वर्षं बोर्ड रंगवतोय. हायवेवर अक्षरं कोणी वाचत नाही. माणूस चित्र बघतो, चित्र बघून थांबतो आणि मग वाचतो."

तिने विचार केला. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "हां. मी पण चितारच बगते." आणि बोर्ड चढला.

पण एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. "मला स्कूटरवर बसव," ती म्हणाली. आयुष्यात ती पहिल्यांदा स्कूटरवर बसली असेल. एका हाताने माझा शर्ट धरला, दुसऱ्याने डोक्यावरचा पदर. आधी मनोरच्या बाजूने आलो, मग लांब जाऊन वळून तलासरीच्या बाजूने. दोन्ही वेळा ती मागून ओरडून विचारत होती, "वाचता येतंय का?"

"येतंय, बाय."

"पुरं वाच."

मी मोठ्याने वाचलं. तिने माझा शर्ट सोडला.

बोर्ड चालला, हे मात्र कबूल करायला हवं. लोक थांबायचे. गुजरातच्या गाड्यांतले अर्थ विचारायचे, "मासी, बालटी मोर एटले शुं?" ती फळीवरून केकचा तुकडा पुढे करायची आणि म्हणायची, "आधी खा, मग इचार." महालक्ष्मीच्या जत्रेला तर रांग लागायची. पोरं मोराबरोबर फोटो काढायची. मी मुद्दाम कामं काढून चारोटीला जायचो आणि बाजूला उभा राहून बघायचो. माझ्या चित्राबरोबर कोणी फोटो काढावा असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

ती मात्र गिऱ्हाईकाकडे बघायची नाही. ती रस्त्याकडे बघायची. अंडं फोडताना, पाक घोटताना, पैसे घेताना सुद्धा मान रस्त्याकडे. एसटी थांबली की ती हातातलं टाकून उभी राहायची. बायका उतरल्या की एकेकीचा चेहरा बघून घ्यायची आणि मग खाली बसायची. पंक्चरवाला म्हणायचा, दिवसातून किती वेळा उठते त्याला हिशोब नाही, हिचे गुडघे जातील एक दिवस. ते गेलेच. मग ती बसल्या जागेवरून बघायला लागली.

दर महिन्याला ती एक केक पुरा ठेवायची. अख्खा, न कापलेला, ताटाने झाकून. कोणी कितीही मागितला तरी नाही. संध्याकाळी तो पंक्चरवाल्याला आणि ड्रायव्हरांना वाटायची. मी एकदा विचारलं की आज कोणती तारीख आहे. ती म्हणाली, "पोरीच्या वाढदिसाची. महिना वेगळा असला तरी तारीख येतेच ना दर महिन्याला."

वर्षभर हे असं चाललं. एका पावसाळ्यात मी तिच्याकडे चहा प्यायला थांबलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. ती बोर्डाकडे बघत म्हणाली, "पेंटर, मोर पुसतोस का?"

"का गं?"

"नुसतं नाव ऱ्हाऊ दे. मोठं कर. मला वाटतं, तिला मोर कळायचा नाय."

आता मी काय म्हणालो, तेही सांगतो. सांगायलाच बसलोय. मी म्हणालो, "बाय, अगं मोरामुळेच तर लोक थांबतात. चांगला आलाय, राहू दे."

तिने बोर्डाकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "लोक थांबतात, ते खरं." आणि माझ्या पुढ्यात केकचा तुकडा सरकवला. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

या वर्षी गणपतीनंतर तिला ताप भरला. दोन दिवस टपरीतच पडून राहिली. डहाणूला दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे, "फळी बंद करून कशी जाऊ?" शेवटी मी आणि पंक्चरवाल्याने तिला उचलूनच रिक्षात घातलं. रिक्षातही ती एकच सांगत होती, फळी उघडी ठेवा. पंक्चरवाल्याने खरंच फळी उघडी ठेवली. वर काही नसलेली ती नुसती फळी चार दिवस उघडी होती. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. मी तिथे होतो. तिने माझ्याकडे नीट बघितलं, पण तिला हवं असलेलं माणूस मी नव्हतो.

बारावं झालं. त्यानंतर आठवड्याने मी बोर्ड उतरवायला चारोटीला गेलो. टपरीची जागा दुसऱ्या कोणाला हवी होती. भर दुपार होती. मी शिडीवर चढून तारा सोडवत होतो, तेवढ्यात नाक्याला एक बस थांबली आणि एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन चालत आली. खाली उभी राहून तिने वर बघितलं आणि स्वतःशीच वाचलं, "लेडी बाल्टिमोर."

चार वर्षांत ते नाव कोणी न तोडता वाचलं नव्हतं. माझे हात तारेवरच थांबले.

"भाऊ, बोर्ड का काढताय?" ती म्हणाली. "आय कुठे गेली?"

मी शिडीवरून उतरलो. कसा उतरलो ते आठवत नाही. पंक्चरवाल्याने तिला स्टूल दिलं. सांगायचं काम माझ्यावर आलं आणि मी सांगितलं. ती रडली नाही. मूल तिच्या मांडीवरून खाली उतरायला धडपडत होतं, त्याला तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

मग ती सांगायला लागली. गंजाडचा एक माणूस तिला सुरतेच्या बाजारात भेटला होता. तो मे महिन्यात गावाहून गेलेला. त्याने सांगितलं, तुझी आई चारोटीला बसते, टपरीला उंबरा नाही, तुझी वाट बघते. ऐकल्यावर मुलाचा ताप उतरेपर्यंत आणि नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघण्यात जे दिवस गेले तेवढेच. शेवटी नवऱ्यासाठीही न थांबता ती एकटीच निघाली.

"मी उंबरा चढले नाय, भाऊ," ती म्हणाली. "एकदा पण नाय. गावाच्या वेशीपर्यंत आले होते एकदा, तिथूनच परत गेले. मी शपथ मोडली नाय. मग ती का गेली?"

पंक्चरवाला उठून टायरकडे गेला.

मी पुन्हा शिडीवर चढलो, बोर्ड खाली घेतला आणि पंक्चरवाल्याच्या भिंतीला टेकवला. आता तिची नजर त्यावरच्या चित्रावर गेली. ती तो बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"हा बोर्ड किती दिवसांपासून हाय?"

"चार वर्षं."

"मी बघितलाय हा," ती म्हणाली. "गेल्या दिवाळीच्या आधी. यांच्या मावशीकडे भिवंडीला चाललो होतो, बसमध्ये. बस पळत होती. लाल बालटी दिसली आणि आत मोर. मी यांना दाखवलं पण. म्हटलं, बघा, हायवेवर बालट्या विकतात, आणि जाहिरात केवढी भारी. आम्ही दोघं हसलो." ती थांबली. "आय इथेच बसली असंल तेव्हा."

मी मनात हिशोब केला. बायने मला मोर पुसायला सांगितलं होतं, ते त्याच्याही आधीच्या पावसाळ्यात.

"अक्षरं दिसली नाहीत?" मी विचारलं.

"पळत्या बसमधून चित्र दिसतं, भाऊ. अक्षरं कुठे वाचता येतात?"

माझंच वाक्य होतं ते. पंचवीस वर्षांच्या अनुभवाचं. स्कूटरवरून बायला मी नाव वाचून दाखवलं होतं ते तीसच्या वेगाने. मागे बसलेली म्हातारी पडेल म्हणून मी हळू चालवत होतो.

"आयने सांगितला होता का मोर काढायला?"

"नाही. मीच काढला."

"तिने कधी पुस म्हटलं नाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पोरीला खोटंच हवं होतं असंही मला वाटतं. मी म्हणालो, "एकदा म्हणाली होती."

तेवढ्यात ते मूल तिच्या हातातून निसटलं, बोर्डापाशी गेलं आणि त्याने पिसाऱ्यावर दोन्ही हात ठेवले. "मोर," ते म्हणालं. त्याला फार आनंद झाला होता. ती उठली, त्याला उचललं, आणि जाताना टपरीतले जर्मनचे तीन सपाट डबे मागून घेतले. मी तिला एसटीत बसवून दिलं. तिने हात केला नाही आणि मी ती अपेक्षाही केली नाही.

बोर्ड मी शेडमध्ये आणला. मोर आणि बालटी खरवडून काढायला दोन दिवस लागले, मी बायला सांगितले होते तेवढेच. मग पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले आणि बोर्ड भरून काळ्या अक्षरांत नाव लिहिलं, एकही शब्द न तोडता. आता तो माझ्या शेडच्या कुंपणावर हायवेकडे तोंड करून उभा आहे. लोक विचारतात, पेंटर, केकचं दुकान टाकलंस का? मी उलट विचारतो, किती लांबून वाचता आलं?

परवा एका ओळखीच्या ड्रायव्हरला मी लांबून भरधाव गाडी आणायला सांगितली. तो पुढे जाऊन थांबला, चालत परत आला आणि त्याने नाव जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ऐंशीच्या वेगाने सुद्धा वाचता येतं.